सुई खाली ठेवा

दार लावा. फोन खिशात. आज कुणी बसायचं नाही, मीही बसणार नाही.

हा केसपेपर कुणी लिहिला? पुढे ये. भिंतीला टेकू नकोस, सरळ उभा राहा आणि मोठ्यानं वाच. राणी, लॅब्राडॉर, मादी, वय 6 वर्षं. पहिली तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. तिच्यापुढे काय लिहिलंयस? 'लंगडते. लचक. मेलोक्सिकॅम.' बस्स, एवढंच. कोणता पाय लंगडतो? पुढचा की मागचा? डावा की उजवा? एकाएकी सुरू झालं की महिनाभर वाढत गेलं? झोपून उठल्यावर जास्त की फिरून आल्यावर? वजन किती? यातलं काहीच नाही. 'लंगडते' हा शब्द मालकाचा, 'लचक' हा तुझा अंदाज, आणि त्या अंदाजावर इंजेक्शन. तुझ्या हाताला काय लागलं, तुझ्या डोळ्यांना काय दिसलं, त्याचं एक अक्षर या कागदावर नाही.

आता दुसरी तारीख वाच. दहा दिवसांनंतरची. 'अजून लंगडते. खुब्याचा एक्स-रे. हिप डिस्प्लेशिया. डेक्सामेथासोन. मेलोक्सिकॅमच्या गोळ्या घरी चालू ठेवणे.' ही सही दुसऱ्याची आहे. तूही पुढे ये. आणि बाकीच्यांनी सुटकेचा श्वास टाकू नका. त्या दिवशी तुम्ही चौघं टेबलाभोवती उभे होतात. एकानंही विचारलं नाही की स्टिरॉइड आणि पेनकिलर एकाच पोटात एकाच वेळी कशी जातात.

तिसरी तारीख आजची. आज ते आजोबा तिला चादरीत घालून, शेजारच्या मुलाच्या मदतीनं तीन मजले उतरून घेऊन आले. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची डबी काढली, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरली. काळीकुट्ट, चिकट, डांबरासारखी शी. "मॅडम, दोन दिवस अशीच होतेय. औषध मी एकदाही चुकवलेलं नाही." ऐकलंत ना? त्यांनी एक गोळी चुकवली नाही. तुम्ही लिहून दिलेलं त्यांनी इमानानं पाळलं, आणि म्हणून तिच्या पोटात रक्तस्राव झाला.

जठराच्या आतल्या अस्तराला रक्तपुरवठा आणि श्लेष्म्याचा थर टिकवून ठेवायला प्रोस्टाग्लँडिन लागतात. मेलोक्सिकॅम त्यांच्या वाटेत एका ठिकाणी आडवं येतं, स्टिरॉइड त्याच वाटेत त्याच्याही आधी आडवं येतं. दोन्ही मिळून दिलीत की अस्तर उघडं पडतं, व्रण होतो, कधी आतडं फुटतं. हे तिसऱ्या वर्षाच्या फार्माकॉलॉजीत आहे. परीक्षेत तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत, मी पेपर तपासले आहेत. मग टेबलावर कुत्री आडवी झाली की ते कुठे जातं? एकावरून दुसऱ्यावर जायचं असेल तर मध्ये काही दिवस मोकळे सोडायचे, हेही तुम्हाला माहीत आहे. मेलोक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोला 0.2 मिलिग्रॅम, पुढे 0.1, दिवसातून एकदा. डोस तोंडपाठ आहे, आणि वजन मात्र केलेलंच नाही! आज मी तिला काट्यावर चढवली. 38 किलो.

सकाळी तिला मी तुमच्यासमोर तपासली. बारा मिनिटं लागली. एकही यंत्र लागलं नाही. काय काय पाहिलं ते मी पुन्हा सांगते, कारण तुमच्यातले दोघं तेव्हा फोनमध्ये होते.

टेबलावर चढवण्याआधी तिला अंगणात चालवली. आधी सावकाश, मग दुडक्या चालीनं. जाताना, येताना आणि बाजूनं. कुत्रा आपल्या वजनातलं साधारण 60 टक्के पुढच्या पायांवर पेलतो आणि 40 टक्के मागच्या. पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली येतं. मागचा दुखत असला तर डोक्याकडे नका बघू, कंबरेकडे बघा. दुखऱ्या बाजूचा खुबा चांगल्या बाजूपेक्षा जास्त वरखाली होतो. राणीचा उजवा खुबा उसळत होता. मग तिला उभी राहू दिली. उजव्या पंजाचं फक्त टोक जमिनीला, सगळा भार डावीकडे. मग बसवली. लॅब्राडॉर नीट बसतो तेव्हा दोन्ही मागचे पाय अंगाखाली घेतो. राणीनं उजवा पाय बाजूला फेकून दिला, कारण गुडघा पूर्ण वाकवताना तिला त्रास होतो. ती बसली त्या क्षणी निम्मं निदान झालं होतं, आणि मी अजून तिला हातही लावलेला नव्हता.

हात लावताना आधी चांगल्या पायाला लावला. का? तिला कळू दे की हा हात दुखवत नाही, आणि माझ्या हाताला कळू दे की या कुत्रीचं चांगलं कसं लागतं. मग दुखरा पाय, खालून वर. नखं, बोटांमधल्या बेचक्या, गाद्या. काटा, काच, गोचीड. तुमच्यातल्या किती जणांनी बोटं फाकवून बघितली होती? पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला, तिनं लगेच सरळ केला, म्हणजे मज्जातंतूंचा घोटाळा नाही. डॅशहुंड मागचे पाय ओढत आला आणि तुम्ही त्याच्या गुडघ्याचा एक्स-रे काढलात तर पाठीचा मणका तुमची वाट बघत थांबणार नाही. मग टेपनं दोन्ही मांड्या एकाच उंचीवर मोजल्या. डावी 43 सेंटिमीटर, उजवी 40. तीन सेंटिमीटर स्नायू आठवड्यात वाळत नाही. हे दुखणं जुनं आहे आणि आजोबांनी तेच सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. दिवाळीपासून ती जिना चढताना मध्येच थांबते.

मग गुडघा. सकाळी तुम्ही बोटानं जो 'गुडघा' दाखवलात तो घोटा आहे. मालक चुकला तर चालतं. तुम्ही शवविच्छेदनाच्या टेबलावर वर्ष काढलंय. गुडघ्याच्या वाटीपासून नडगीकडे उतरणारी जी दोरी लागते, तिच्या दोन्ही कडा बोटांना धारदार लागायला हव्यात. राणीच्या उजवीकडे त्या कडा लागतच नव्हत्या, कारण आत पाणी भरलंय. आतल्या बाजूला हाडाजवळ कडक, जाड फुगवटा. सांधा ढिला पडला की शरीर स्वतःहून तिथे असा आधार बांधायला घेतं.

आणि मग ड्रॉवरची चाचणी. एका हाताची तर्जनी वाटीवर, अंगठा मांडीच्या हाडाच्या मागे. दुसऱ्या हाताची तर्जनी नडगीच्या पुढच्या कंगोऱ्यावर, अंगठा बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यामागे. मांडी घट्ट धरायची आणि नडगी सरळ पुढे ढकलायची. पिळायची नाही. टेबलाचा खण सरकावा तशी नडगी पुढे सरकली, म्हणजे गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट तुटलंय. तुमच्यापैकी तिघांची बोटं मी माझ्या बोटांवर ठेवून घेतली. लागलं ना? मग तीन आठवड्यांपूर्वी ते तिथेच होतं. पाय सरळ ठेवून बघायचं आणि वाकवूनही बघायचं, कारण लिगामेंट अर्धवट तुटलेलं असेल तर फक्त वाकवल्यावर सरकतं. कुत्रा घाबरलेला असेल, मांडीचे स्नायू दगडासारखे आवळले असतील, तर काही सरकणार नाही. म्हणून 'ड्रॉवर निगेटिव्ह' लिहायच्या आधी भुलीचं हलकं इंजेक्शन द्या आणि पुन्हा बघा. पेनकिलर मात्र आधी टोचू नका. दुखण्याची खूण पुसून टाकलीत तर शोधायचं कशावरून?

आता तुम्ही म्हणाल, एक्स-रेमध्ये खुबा खराब होता. होता. मी फिल्म बघितली. पहिली गोष्ट, ती भूल न देता काढलीय. एक मांडी सरळ, दुसरी फिरलेली, कंबर वाकडी. खुब्याचा एक्स-रे म्हणजे कुत्रं पाठीवर, दोन्ही मांड्या समांतर ताणलेल्या आणि दोन्ही वाट्या मांडीच्या हाडाच्या मधोमध. जागं कुत्रं तसं पडून राहत नाही. दुसरी गोष्ट, खुबा खरंच थोडा उथळ आहे. लॅब्राडॉर आहे ती. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर यांच्यात हे ढिगानं सापडतं. 1935 साली अमेरिकेत श्नेल यांनी हिप डिस्प्लेशिया पहिल्यांदा नोंदवला, तेव्हापासून हे कुणाला नवीन नाही. पण फिल्मवर खराब दिसणारा खुबा दुखतोच असं नाही. मी तिचा खुबा मागे ताणला, बाहेर फाकवला, ती शेपूट हलवत राहिली. गुडघा पूर्ण सरळ केला तेव्हा मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं आणि ओठ चाटले. दुखतं हे सांगायची तिची ती पद्धत आहे. जुनं दुखणं असलेलं कुत्रं ओरडत नाही. 'ओरडत नाही म्हणजे दुखत नसेल' हे मालकानं म्हणावं, डॉक्टरनं नाही.

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे आपल्या लोकांनी जनावरांवरूनच केलेलं वाक्य आहे. तुम्ही तेच करून दाखवलंत. आणि ही चूक इतकी नेहमीची आहे की अमेरिकेत तिची मोजदाद झाली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, खुब्याच्या दोषामुळे लंगडतात असं ठरवलेली 369 कुत्री पुन्हा तपासली, तर त्यातल्या जवळपास एक तृतीयांश कुत्र्यांचं गुडघ्यातलं लिगामेंट तुटलेलं होतं. त्या प्रत्येक कुत्र्याचा एक्स-रे कुणीतरी बघितला होता. गुडघा कुणी धरला नव्हता.

आणि गुडघ्याचा एक्स-रे तरी काय दाखवतो? लिगामेंट दिसत नाही. सांध्यात साचलेलं पाणी पुढच्या चरबीला कसं ढकलतं ते दिसतं, कडांना आलेलं नवं हाड दिसतं. तेही तेव्हाच दिसतं, जेव्हा तुम्हाला काय शोधायचंय ते तुमच्या बोटांनी आधीच सांगितलेलं असतं.

'लचक' हा शब्द मला या ओपीडीत पुन्हा दिसता कामा नये. मैदानावर खेळाडूचा पाय पिळवटला आणि लिगामेंट तुटलं, असं माणसात होतं. कुत्र्यात बहुतेक वेळा ते लिगामेंट महिनोन्महिने आतून झिजतं, एकेक तंतू सुटतो, आणि एक दिवस सोफ्यावरून उतरताना उरलेलं तुटतं. म्हणून एका पायाचं गेलं की जवळजवळ निम्म्या कुत्र्यांचं पुढे दुसऱ्याही पायाचं जातं. हे आजोबांना आजच सांगायला हवं. वर्षभरानं डावा पाय लंगडायला लागला की त्यांना वाटेल आपल्याकडूनच काही चुकलं.

कुत्र्याच्या नडगीचा वरचा माथा मागे उतरता असतो, घराच्या पाखासारखा. प्रत्येक पावलागणिक मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं आणि नडगी पुढे. पुढचं लिगामेंट ती घसरण अडवून धरतं. ते तुटलं की आतली मेनिस्कसची गादी मध्ये चिरडते. पाय वाकवताना 'टक्' असा आवाज आला तर ती फाटलीय असं समजा. जाड नायलॉनचा टाका सांध्याबाहेरून घालून आवळायची शस्त्रक्रिया जुनी आहे आणि हलक्या कुत्र्यात चांगलं काम करते. ओरेगनच्या बार्क्ले स्लोकम यांनी वेगळा विचार केला. तुटलेल्या दोरीच्या जागी दुसरी दोरी बांधण्यापेक्षा उतारच कमी करायचा. नडगीचा माथा गोलाईत कापून फिरवायचा, उतार पाच अंशांच्या आसपास आणायचा आणि प्लेट-स्क्रूनं बसवायचा. 1993 साली त्यांनी हे मांडलं. राणीच्या वजनाला हेच योग्य. पंधरा किलोच्या आतलं कुत्रं असेल तर विश्रांती, वजन आणि औषधावर बरंचसं सावरतं, पण 38 किलोची लॅब्राडॉर विश्रांतीवर सोडून देणं म्हणजे तिच्या सांध्याचा चुरा व्हायची वाट बघणं.

पण आज तिच्यावर शस्त्रक्रिया करता येत नाही. तुमच्यामुळे. सकाळी रक्त तपासलं, लाल पेशींचं प्रमाण 29 टक्क्यांवर आलंय; निदान 37 हवं. पोट सावरेपर्यंत मी तिला भूल देणार नाही. दोन्ही औषधं बंद, सुक्राल्फेट आणि ओमेप्राझोल सुरू, दुखण्यासाठी गॅबापेंटिन. दोन आठवडे गेले. या दोन आठवड्यांत ती मेनिस्कस वाचली तर नशीब.

आता वजन. तिचं वजन 29-30 असायला हवं. बरगड्यांवरून हात फिरवला, बरगडी लागायला बोट दाबावं लागतं. कुणी आजोबांना विचारलंत ती काय खाते? मी विचारलं. सकाळी चहाबरोबर बिस्किटं, दुपारी तुपाची पोळी, रात्री भात-चिकन, आणि नातू येतो तेव्हा जे असेल ते. ते आजोबा प्रेमानं घालतात. त्यांना रागवायचं नाही, मापायचा कप हातात द्यायचा. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या 24 जोड्या केल्या होत्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला जन्मभर 25 टक्के कमी खायला घातलं. 2002 साली निकाल छापला. पोटभर खाणाऱ्यांचं आयुष्य साधारण 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13. सांधेदुखीची औषधंही त्यांना कितीतरी उशिरा लागली. जवळजवळ दोन वर्षं आयुष्य! असं औषध तुमच्या कपाटात दुसरं आहे का? मग ते लिहून का देत नाही? कारण ते सांगायला दहा मिनिटं बोलावं लागतं आणि सुई टोचायला दहा सेकंद लागतात.

राणी एकटी असती तर मी एवढं बोलले नसते. गेल्या महिन्यातलं ते रस्त्यावरचं पिवळं कुत्रं आठवा. गाडीखाली पुढचा पाय मोडला, दोन बायका भाजीच्या करंडीत घालून घेऊन आल्या. तुमच्यातल्या कुणीतरी बांधलं. छान बांधलं, बाहेरून. बोटंही आत झाकली. परत कधी यायचं ते सांगितलं नाही. सहा दिवसांनी त्या बायका नाकाला पदर लावून आल्या. मी पट्टी कापली तेव्हा पंजा काळा आणि थंड पडला होता, बोटांच्या बेचक्यांत अळ्या. पाय खांद्यापासून काढावा लागला. मधल्या दोन बोटांची टोकं बाहेर ठेवायची, हे नर्सिंगच्या पहिल्या धड्यात आहे. बोटं फाकली, सुजली, गार पडली, वास आला, पट्टी ओली झाली, कुत्रं पट्टी चावायला लागलं, की त्याच दिवशी यायचं, रविवार असला तरी. तोंडी सांगून भागत नाही, कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या.

आणि मांडीचं हाड मोडलेलं असताना पट्टी बांधू नका. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे बांधता आले तरच आधाराला अर्थ आहे. मांडीच्या वरचा सांधा म्हणजे खुबा, तो कापसाच्या जाड रॉबर्ट जोन्स पट्टीत येत नाही. पट्टीचा वरचा काठ नेमका मोडल्या जागी येतो आणि खालचा बोजा लोलकासारखा झुलून तुकडे एकमेकांवर घासतो. त्यापेक्षा पिंजऱ्यात ठेवा आणि सर्जनकडे पाठवा. आठवड्यातून एकदा तरी मला अशी मांडी सोडवावी लागते.

कॅल्शियमच्या बाटलीबद्दलही आज बोलून घेते. पिल्लू लंगडलं की कॅल्शियम, हे कुणी शिकवलं? मोठ्या जातीचं पिल्लू, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, साधारण सहा महिन्यांपर्यंत आतड्यातून येणाऱ्या कॅल्शियमला नाही म्हणू शकत नाही. जितकं द्याल तितकं आत जातं आणि वाढणारं हाड बिघडतं, कूर्चा बिघडते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे दाखवून चाळीसेक वर्षं होत आली. पिल्लांच्या तयार खाण्यात मोजून घातलेलं असताना वरून बाटली ओतायची नाही. आणि याच्या उलट, घरी नुसतं बिनहाडाचं चिकन आणि भात खाणारं पिल्लू येतं, त्याला मात्र कॅल्शियम हवं, कारण मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहा-वीस पट असतो. एका पिल्लाचा एक्स-रे मी तुम्हाला दाखवला होता, हाडांच्या भिंती कागदासारख्या पातळ, मांडीचं हाड मोडलेलं नाही, दुमडलेलं. दोन्ही पिल्लं बाहेरून सारखीच लंगडतात. खायला काय घालता, हे विचारल्याशिवाय वेगळी कशी काढणार?

आणि लंगडण्याची कारणं एवढ्यावर संपत नाहीत. पॉमेरेनियन तीन पावलं चालतो, चौथ्याला पाय उचलून उडी मारतो आणि पुन्हा काही झालं नाही असा चालतो. त्याची गुडघ्याची वाटी सरकते, ती बोटानं ढकलून बघा आणि किती सहज सरकते, आपोआप परत येते का, यावरून 1 ते 4 ग्रेड लिहा. लांब हाडं दाबल्यावर कळवळणारा सात-आठ महिन्यांचा जर्मन शेफर्ड, आज या पायानं आणि पंधरवड्यानं त्या पायानं लंगडणारा, बहुतेक पॅनोस्टायटिसचा असतो आणि वयाबरोबर बरा होतो. पण अंगात ताप आहे, तीन-चार सांधे सुजलेत, प्लेटलेट उतरल्यात आणि कानात गोचिडी आहेत, तर ते एर्लिचियाचं दुखणं असू शकतं, आणि त्याला पेनकिलर नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं, पूर्ण चार आठवडे. आपल्याकडे गोचीड बाराही महिने आहे. लंगडणाऱ्या कुत्र्याचं तापमान न घेणारा इंटर्न मला चालणार नाही.

एक गोष्ट माझी. नोकरीला लागून वर्ष झालं होतं. सात वर्षांचा रॉटवायलर आला, पुढच्या पायाच्या मनगटाच्या किंचित वर सूज. मी दाबून बघितलं, म्हटलं, मुरगळलाय, आणि पट्टी बांधली. तीन आठवडे पट्ट्या बदलल्या. एका सकाळी तो पाणी प्यायला उठला आणि उभ्या उभ्या पाय मोडला. मग एक्स-रे काढला. मोठ्या जातीचं, वयस्कर कुत्रं, आणि सूज कोपरापासून दूर किंवा गुडघ्याजवळ असेल तर हाडाचा कॅन्सर आधी मनात यायला हवा. हे मलाही माहीत होतं. त्या मालकाला मी तीन आठवडे सांगत राहिले की बरं होतंय. नुसता पाय काढला तर चार-पाच महिने, केमोथेरपीची जोड दिली तर दहा महिने ते वर्ष मिळू शकतं. माझ्यामुळे त्यांना विचार करायलाही वेळ उरला नाही. तो केसपेपर माझ्या टेबलाच्या खणात आहे. एकोणीस वर्षं झाली. मी तो फाडलेला नाही. तुमच्यावर एवढी चिडते ती त्यामुळेच.

आता ऐका. उद्यापासून लंगडणारं एकही कुत्रं अंगणात चालवल्याशिवाय टेबलावर चढणार नाही. कोणता पाय, किती दिवस, चाल कशी, बसतं कसं, मांडी किती सेंटिमीटर, कोणता सांधा, ड्रॉवर सरळ आणि वाकवून, तापमान, वजन, खाणं. हे सगळं केसपेपरवर असल्याशिवाय औषधाच्या कपाटाची चावी मिळणार नाही. चावी माझ्याकडे राहील.

आणि तू, ज्यानं 'लचक' लिहिलं. आजोबा अजून बाहेर बाकावर बसलेत, रिक्षा परवडत नाही म्हणून शेजारचा मुलगा कामावरून सुटायची वाट बघतायत. जा. आधी तूच सांग की आमच्याकडून काय चुकलं. 'साइड इफेक्ट झाला' असं म्हणायचं नाही. मग मापाचा कप दाखव, पोळी आणि बिस्किटं बंद करायची ते समजाव. दोन आठवडे तिला जिना नाही, हेही सांग. तिला उचलून न्यायची सोय कशी करायची ते त्यांच्याशी बसून ठरव. मग राणीच्या शेजारी खाली बस, दोन्ही गुडघे धर, आधी डावा, मग उजवा. मी पाच मिनिटांनी येते. तुझ्या बोटांना काय लागलं ते मला तिथे सांगशील.